तापलेलं तेल

प्रेमाताई गेल्यापासून आठ महिने त्यांची गाडी दारात झाकून उभी होती. त्यांचे पती विद्याधरराव यांना गाडी चालवता येत नसे. शेवटी विकायचं ठरवून त्यांनी ती टेंपोला बांधून चामराजपेटला, खंडोजीच्या गॅरेजमध्ये आणवली.

"दोन लाख किलोमीटर होत आले, सर," मीटर वाचून खंडोजी म्हणाला. "अशा इंजिनाला जाड तेल बरं. फिल्टरही नवा घालतो."

गाडीखाली शिरून त्यानं जुनं तेल सोडलं आणि झटकन हात मागे घेतला.

"अय्यो! केवढं तापलंय! कुठून चालवत आणली?"

"ओढत आणली. तुझ्यासमोरच तर सोडली."

काळं तेल ट्रेमध्ये पडत होतं आणि त्यातून वाफ निघत होती.

"प्रेमाअक्का शेवटी कुठं गेल्या होत्या, सर?"

"देवनहळ्ळीला. लेकीला विमानतळावर सोडून परत येताना तिनं गाडी कडेला घेतली. लोक धावले तेव्हा तिचा श्वास थांबला होता. इंजिन मात्र चालूच होतं म्हणे."

खंडोजीनं मान खाली घातली. "स्वल्प थंड होऊ दे."

दोघं कॉफी घेऊन तासभर बसले. मग फिल्टर काढायला गेलेला खंडोजी बोटं झटकत बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, मघापेक्षा जास्त तापलाय."

विद्याधररावांनी बॉनेटवर तळहात टेकला. चटका बसला, तरी त्यांनी तो उचलला नाही.

"चांगलं तेल घाल," ते हळूच म्हणाले. "ती अजून वाटेतच आहे."