दोन कप

"मेले नाहीये मी अजून!" दार उघडताच मी ओरडले.

समोर आमचा वॉचमन, कुलूप तोडायला बोलावलेला किल्लीवाला आणि गाऊनवर ओढणी घेऊन तशीच धावत आलेली एक अनोळखी बाई.

आमचा फेसबुकवरचा ग्रुप एकट्या राहणाऱ्या बायकांचा. बहुतेकींनी एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. पण सकाळी प्रत्येकीने आपल्या चहाच्या कपाचा फोटो टाकायचा, हा नियम. फोटो आला नाही आणि फोनही लागला नाही, तर जी जवळ राहत असेल तिने थेट दार गाठायचं.

काल माझ्या पुरणपोळीच्या फोटोखाली त्या वैजयंतीने सगळ्यांदेखत लिहिलं, "फाटलीय." चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय मी! म्हणून आज बहिष्कार. फोटो नाही, फोनही बंद.

"कप दिसेना, फोन लागेना," बाई पायरीवरच बसली. "जिवात जीव नव्हता हो माझ्या. मी वैजयंती."

"तुम्ही होय! मग काल 'फाटलीय' कशाला लिहिलंत?"

"फाटलीच होती," ती डोळे पुसत म्हणाली.

असा संताप आला! दंडाला धरून तिला आत आणलं, खुर्चीत बसवलं, आलं ठेचून चहा टाकला. बाकीच्या काळजीत असतील म्हणून फोन सुरू केला आणि दोन्ही कपांचा फोटो ग्रुपवर टाकला.

पहिली कमेंट समोरच्याच खुर्चीतून आली, "चहा फिका दिसतोय."