ढवळूआजाची मिशी

जव्हारच्या बाजारातून ढवळूआजा जीपने परतला आणि आमच्या साखरशेत गावात एकदम कुजबुज सुरू झाली. त्याची चाळीस वर्षांची मिशी गायब होती, आणि आमच्याकडे माणूस मिशी काढतो ती घरात कोणी वारलं तरच. घटकाभरात त्याचं अंगण भरलं. चंद्राकाकूने तर पदर डोळ्यांना लावला.

शेवटी शेजारच्या पंढरीने हळूच विचारलं, "कोण गेलं, दादा?"

आजा कावराबावरा झाला. त्याची सून मीना आठ महिन्यांच्या चंदनाला घेऊन बाहेर आली.

"कोणी नाय गेलं, काका. हिच्या गालाला खाज सुटते ना, तो एक्झिमा आहे, डॉक्टरबाई बोलल्या. एकाचं दुसऱ्याला होत नाय, पण कातडी कोरडी, जपावी लागते. अंघोळ झाली की लगेच मलम, कपडे मऊ सुती, आणि खरखरीत काही घासायचं नाय. मी साबण बदलला, गोधडी बदलली. तरी हिचे आजा मुका घेतात तो गाल लालच."

आजाने नातीच्या त्याच गालावर ओठ टेकले. ती खुदकन हसली. घरी नातू असलेला पंढरी मात्र स्वतःच्या मिशीवरून हात फिरवत बसून राहिला.



पुढच्या बाजाराहून पंढरी बिनमिशीचा परतला तेव्हा अंगणात कोणी जमलं नाही, चंद्राकाकूने जाता जाता एवढंच विचारलं, "तुझ्या नातवाला कुठं खाजतंय रे?"