नॉर्थ फोर्कची शंभर मतं

नॉर्थ फोर्कचा कागद मार्लिस हॉगनने तिसऱ्यांदा वाचला. मतयंत्रातून निघालेली लांब पट्टी, खाली तीन पंचांच्या सह्या. लॉइड एंगेब्रेटसन : १४१. तिच्या संगणकात मात्र ४१.

मतदान संपलं की ते गाव आकडे फोनवरून कळवायचं. पलीकडून बाई वाचायच्या, इकडे मार्लिस टाइप करायची. या खेपेला १४१ मधला पहिला एक बोटांतून निसटला होता. असं निसटलेलं सापडावं म्हणून तर आठवड्याने उघड्या सभेत कागद आणि संगणक ताडून पाहायचे. काउंटीची निवडणूक अधिकारी म्हणून एकवीस वर्षांत तिने अशा चुका कितीदा वाचून दाखवल्या होत्या. समोर दोन माणसं असायची, त्यातलं एक पेंगत असायचं.

आज सकाळी दहालाच कोर्टाच्या इमारतीतली सभेची खोली गच्च भरली होती. एंगेब्रेटसन दोनशे बारा मतांनी पडला होता. त्याची माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. जिंकलेल्या टेरेसा क्विलची माणसं दारापाशी.

"शंभर वाढली तरी तो पडतोच," तिची सहायक जोलीन कानाशी कुजबुजली. "आज बोलू नकोस. ही गर्दी पांगली की दुरुस्तीचं पत्र लावून टाकू."

"आणि निकालावरची सही? ती आजच करायची आहे ना मला?"

"सोमवारी घरच्या पत्रपेटीत काय आलं होतं, विसरलीस?"

मार्लिस विसरली नव्हती. तिच्याच घराचा फोटो. स्वयंपाकघराच्या खिडकीभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ.

"काय गं खुसुरफुसुर चाललीय तिकडे?" पहिल्या रांगेतून वर्न ओरडला. हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ हाच काढायचा. "आकडे अजून शिजायचेत का? मग आम्ही जेवूनच येतो!"

हशा पिकला. मार्लिसने माइक जवळ ओढला.

"नॉर्थ फोर्क. एंगेब्रेटसन, कागदावर एकशे एकेचाळीस. संगणकात एकेचाळीस. शंभर मतं भरायची राहिली. चूक माझी आहे. कागद बरोबर आहे, तोच धरला जाईल."

झालं, संपलं, असं तिला क्षणभर वाटलं.

"सापडली!" वर्न उठून उभाच राहिला. "शंभर सापडली. न सापडलेली किती, ते सांग!"

"वर्न, अरे, ती तुमच्याच माणसाची मतं आहेत. मीच शोधून—"

"आमची होती म्हणूनच गेली ना? त्यांची कशी नाही गं जात कधी?"

"लाज वाटायला हवी, मार्लिस!" हा आवाज दाराकडचा. पेग होती ती. दर रविवारी चर्चमध्ये दोघी एकाच बाकापाशी उभ्या राहून गायच्या. "दम दिला की शंभर देतेस? उद्या दोनशे मागितली तर?"

मग कोण कोणाला काय म्हणत होतं, ते कळेना. एक खुर्ची पडली. निकाल तपासणाऱ्या तिघांच्या मंडळातल्या उरलेल्या दोघांनी अर्धवट उभं राहूनच निकालावर सह्या ठोकल्या. मार्लिसने मात्र बसून सही केली, पूर्ण नावाची, आणि तारीख घातली.

शेरीफच्या हाताखालचा पोलीस, ड्वेन, तिला मागच्या बोळातून घेऊन निघाला. काचेच्या दाराशी त्याने हात पुढे केला.

"मॅडम, किल्ली द्या. गाडी मी आणतो."

"अरे, ती काय समोर दिसतेय. चार पावलं चालेन मी."

"द्या मॅडम."

तिने किल्ली दिली. तो गाडीपाशी गेला, पण दार उघडलं नाही. टोपी काढून टपावर ठेवली. ओल्या जमिनीवर गुडघे टेकले, मग हात टेकले, आणि मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली पाहिलं. उठला, वळसा घालून पलीकडे गेला आणि पुन्हा खाली बसला. काही पडलं असेल त्याचं, असं तिला आधी वाटलं.

मग ड्वेन गाडीत बसला. किल्ली फिरवण्याआधी त्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली : मागे सरा. अजून मागे.