शुक्रवारची मोजणी

"ताई, आज अकरा नवे आले!" धाकटी खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारत ओरडली.

थोरलीने मान वर केली नाही. "छान," एवढंच म्हणाली, आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

दोघींची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. कॉलेज एकच, विभागही एकच, रसायनशास्त्राचा. थोरली तिसऱ्या वर्षाला, धाकटी पहिल्या. थोरलीने अडीच वर्षं खपून विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन चर्चेचा मंच उभा केला होता. आणि धाकटीने? दोन महिन्यांपूर्वी सर्दी होऊन घरी बसली होती, कंटाळा आला, म्हणून दुसरा काढला! थोरलीच्या मंचावर चोवीस नियम होते. कुणी आधी विचारून झालेला प्रश्न पुन्हा विचारला, की तो पुसला जाई आणि विचारणाऱ्याला समज मिळे. धाकटीकडे नियम एकच होता: भांडा, पण उत्तर द्या.

एका विभागाला दोन मंच कशाला, असं आता विभागप्रमुख मॅडमच्या मनात आलं होतं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता दोन्हीकडचे सभासद मोजायचे. ज्याने एकदा तरी काही लिहिलंय तोच सभासद धरायचा. ज्याचे जास्त असतील तो मंच विभागाचा, दुसरा बंद. सोमवारी थोरलीकडे दोनशे तीस होते आणि धाकटीकडे एकशे ब्याण्णव. पण थोरलीचे मुंगीच्या पावलांनी वाढत होते, आणि पाठीमागच्या टेबलावरून दर पाच मिनिटांनी टिंग टिंग येत होतं. त्या प्रत्येक टिंगला थोरलीच्या पोटात दुखत होतं.

"बहिणी-बहिणी तुम्ही," आई म्हणाली, "कुणाचाही राहिला तरी घरातच राहिला ना?"

आईला काय जातंय म्हणायला!

मैत्रिणीने एक सोपी युक्ती सुचवली. दहा-पंधरा खोटी नावं घाल, कोण बघतंय? थोरली तिच्यावर उखडलीच. "माझ्या मंचावर एकही खोटं नाव चालणार नाही!" बाई तत्त्वाची पक्की. फक्त ते तत्त्व तिच्या मंचाच्या उंबऱ्यापर्यंतच होतं.

मंगळवारी दुपारी लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून तिने 'जुना विद्यार्थी' असं नाव घेतलं आणि धाकटीच्या मंचात शिरली. धाकटीला काही येत नाही हे चारचौघांना दिसावं, एवढीच तिची इच्छा होती. तिने लिहिलं, "गरम पाणी कधीकधी थंड पाण्याआधी गोठतं म्हणतात. खरं की खोटं? कारणासकट सांगा." आता बघू कशी फजिती होते ती.

धाकटीने दोन मिनिटांत उत्तर दिलं, "मला नाही बाबा माहीत! कुणाला माहीत आहे?"

संध्याकाळपर्यंत चाळीस जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. कुणी फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवून त्यांचे फोटो टाकले, कुणी त्या फोटोंनाच खोटं पाडलं. आणि ही मजा बघायला आणखी लोक आले. माहीत नाही म्हणूनही मुलगी मिरवते! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आणखी कठीण प्रश्न काढला. धाकटीला वास लागू नये म्हणून या वेळी 'चौकस' झाली. मग 'परीक्षानळी'. मग 'गंजलेला खिळा'. प्रश्न जितका कठीण, तितकी तिथे जत्रा मोठी. गुरुवार दुपारपर्यंत तिने नऊ वेगवेगळ्या नावांनी नऊ प्रश्न विचारले होते. या सगळ्या गडबडीत स्वतःच्या मंचाकडे बघायलाही तिला सवड झाली नव्हती.

"कोण आहेत देव जाणे," गुरुवारी जेवताना धाकटी म्हणाली, "पण काय एकेक प्रश्न विचारतात! त्यांच्यामुळेच तर लोक येतायत."

थोरलीला ठसका लागला. आईने पाण्याचा पेला पुढे केला.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला दोघी मॅडमच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मॅडमनी चष्मा लावला, दोन्ही याद्या पडद्यावर शेजारी-शेजारी उघडल्या. "थोरलीचे दोनशे एकेचाळीस," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या यादीच्या तळाशी गेल्या. "आणि धाकटीचे दोनशे सत्तेचाळीस."

सहा. फक्त सहा! थोरलीचे कान तापले. अडीच वर्षं सहा जणांत बुडाली. आणि मग चार दिवसांत जी वजाबाकी सुचली नव्हती, ती एका क्षणात झाली.

"थांबा मॅडम!" ती जवळजवळ किंचाळलीच. "हे चालणार नाही. हिच्या यादीत नऊ जण खोटे आहेत!"

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, शप्पथ, मी एकही खोटा घातला नाही गं."

"मी पुराव्याशिवाय बोलत नाही," थोरली म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. "नऊ आहेत. मोजून नऊ."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "नऊ असतील तर निकाल फिरतो. तू जिंकलीस. नावं सांग, आत्ता काढून टाकते."

धाकटी पडद्याकडे वाकली. तिचे डोळे भरून आले होते. "सांग ना ताई. कोण आहेत?"

थोरलीला नऊच्या नऊ नावं तोंडपाठ होती.