लोळण

“कॅटमिंटचे शेंडे खुडत जा, सूनबाई. झुडूप दाट झालं की मांजरीला लोळायला बरं,” अंथरुणाला खिळण्याआधी सासऱ्यांनी बजावलं होतं. ती नेमाने खुडायची, पाणी घालायची. सकाळी खिडकीतून दबलेलं झुडूप दिसलं की म्हातारे खूश. “येऊन गेल्या वाटतं बाईसाहेब!” मगच ते दोन घास खायचे.

आज मात्र त्यांनी ताट सरकवलं. “झुडूप पार झोपलं गं. मरेल अशानं. तिला म्हणावं, जरा बेतानं लोळ.”

“सांगते हं, नाना.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वाफ्यापाशी आली. मांजर मरून महिना झाला होता. नानांना कुणी कळवलं नव्हतं. तिने मनोमन देवाची क्षमा मागितली आणि झुडपावर दोन्ही तळहात टेकवले, रोजच्यापेक्षा हलकेच.