फळ्यावरचा सुविचार

तिसरीतली मंजिरी वर्गाबाहेर रडत उभी होती. "ढोमसे सर म्हणाले, तुझ्या अंगाला वास येतो, आत यायचं नाही."

काटदरे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवे ढोमसे सर रोज लांबून सायकल हाणत, घामाघूम होऊन येत. शिक्षकखोलीत त्यांच्याशेजारी बसवत नसे. पण तोंडावर कोण सांगणार? म्हणून साऱ्यांनी मिळून आठवडाभर फळ्यावर स्वच्छतेचेच सुविचार लिहिले. सरांनी ते मनावर घेतले आणि पोरांची तपासणी सुरू केली!

बाईंनी त्यांना व्हरांड्यात बोलावलं. "सर, ते सुविचार पोरांसाठी नव्हते, तुमच्यासाठी होते. वास तुमच्या अंगाला येतो."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे आठवडाभर सगळे गंमत बघत होतात? तुम्हीसुद्धा?"

"आजचा सुविचार मीच लिहिलाय," बाई कशाबशा म्हणाल्या.

सर मंजिरीपुढे गुडघ्यांवर बसले. "बाळ, माझं चुकलं. जा, आत बस."

मग उठून, बाईंकडे न बघता म्हणाले, "तुम्ही मात्र इथंच उभ्या राहा."

तास संपेपर्यंत काटदरे बाई तिथून हलल्या नाहीत.