मेंढरांची सोय

"पाय सडायला लागलाय. आजपासून इथंच राहायचं," डॉक्टर म्हणाले.

हरणाबाईनं सुजलेल्या पायाला चिंधी परत गुंडाळली. "औषध द्या. म्या जाते."

"मागच्या खेपेलाही असंच केलंस. काटा आत मोडलाय, तो कापून काढायला हवा. नाहीतर पाय जाईल."

ती भिंतीला धरून उठली. कळ पार मस्तकात गेली, पण ती परत बसली नाही. डॉक्टर ओरडणारच होते. पण तिच्या तोंडाकडं बघून थांबले. एवढा पाय ठणकत असताना ही बाई निघालीय कुठं, हे त्यांनी अजून विचारलंच नव्हतं.

"कुठं जायचंय तुला?"

"माळावर. मेंढरं हाईत."

"घरात दुसरं कोणी नाही?"

"मालक लढाईवर गेल्यात. ब्रह्मदेशात."

"मग आत्ता मेंढरांजवळ कोण आहे?"

"कुत्रं."

डॉक्टर उठून ओसरीवर गेले. तिथं गावोगावचे रोगी बसले होते.

"कुणाला खतासाठी रानात मेंढरं बसवून हवीत का? बाई बरी होईस्तोवर राखायची मात्र तुम्ही."

तापानं कण्हत पडलेले दादासो कांबळं सारून उठून बसले. "आमच्या रानात बसवा. माझा गडी राखंल. खताची लय नड हाय."

"आमचं रान जवळ पडंल," दुखऱ्या दाढेवर हात दाबत रंगुबाई म्हणाली.

"मी आधी बोललोय."

"आधी बोलला म्हणून काय झालं?"

दोघांची चांगलीच जुंपली. तोवर हरणाबाई लंगडत दारापर्यंत आली होती.

"मेंढरं फुकट बसायची न्हाईत," ती म्हणाली. "जुंधळं किती देताय ते बोला."

रंगुबाईनं आकडा सांगितला. दादासोंनी त्यावर आणखी एक पायली चढवली. हरणाबाईनं दादासोंकडं बघून होकाराची मान डोलावली, आत गेली आणि खाटेवर आडवी झाली.

"हं, काढा आता काटा."

पाय वाचला. थंडी सरता सरता एका सकाळी डॉक्टर सायकलवरून शेजारच्या गावी निघाले होते. समोरून सगळा रस्ता मेंढरांनी भरून आला. त्यांनी घंटी वाजवली.

"घंटी वाजवू नगासा, सायेब. बुजत्यात ती," मागून हरणाबाईचा आवाज आला. ती दणादणा पावलं टाकत येत होती. "वाट सोडा."

डॉक्टर सायकल घेऊन चरात उतरले. शेवटचं कोकरू पुढं जाईस्तोवर ते धुळीत तसेच उभे राहिले, तोंडभर हसत.